असून नसलेली मेमरी, नसून असलेली मेमरी

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने कॉम्प्युटरच्या मेमरीवर बोलायचं, हे काहींना विचित्र वाटेल. पण हा प्रश्न आमच्या घरातच उभा राहिला होता, तिथूनच सुरुवात करू.

१९९३-९४ च्या सुमाराची गोष्ट. घरात एक ३८६ पीसी होता, त्यात ४ एमबी मेमरी. मुलाने मित्राकडून एका गेमच्या फ्लॉप्या आणल्या. गेम सुरू करायला गेलं की पडद्यावर निरोप यायचा, मेमरी अपुरी आहे. दुकानदार म्हणाला, "सर, मेमरी वाढवून घ्या." आम्ही वाढवली. त्या काळी मेमरी म्हणजे स्वस्त वस्तू नव्हे, पगारातले बरेच पैसे गेले. ४ ची ८ एमबी झाली. घरी येऊन गेम लावला, तर पुन्हा तोच निरोप! आणि गेमला हवी होती किती? जेमतेम ६०० केबी, म्हणजे एक एमबीसुद्धा नाही. टोपलीत आठ भाकऱ्या असताना अर्ध्या भाकरीला माणूस मोताद व्हावा, तसला हा प्रकार.

आधी एक शब्द साफ करून घेऊ. मेमरी म्हटलं की आपल्याला स्मृती आठवते. पण रॅम म्हणजे स्मृती नव्हे, ती शाळेतली पाटी आहे. त्यावर लिहायचं, गणित करायचं, पुसायचं. जपून ठेवायचं ते वहीत, म्हणजे डिस्कवर. वीज गेली की पाटी कोरी. आमच्या घरी पाटी भलीमोठी होती, पण तिच्या बहुतेक भागावर गेमला लिहिता येत नव्हतं. का, ते बघायला १९८१ मध्ये जावं लागतं.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी बाजारात आला. त्याच्या सर्वांत साध्या मॉडेलमध्ये फक्त १६ केबी मेमरी होती. आत इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर. मेमरीतल्या जागेचा पत्ता सांगायला त्याच्याकडे २० तारा होत्या. प्रत्येक तारेवर शून्य किंवा एक, म्हणजे एकूण पत्ते झाले १०,४८,५७६. यालाच आपण एक एमबी म्हणतो. त्यापलीकडे पत्ताच नाही.

हा एक एमबी म्हणजे सोळा खोल्यांचा वाडा समजा, प्रत्येक खोली ६४ केबीची. आयबीएमने दहा खोल्या भाडेकरूंना, म्हणजे आपल्या प्रोग्रॅम्सना दिल्या. दहा गुणिले चौसष्ट, सहाशे चाळीस. वरच्या सहा खोल्या मालकाने स्वतःकडे ठेवल्या, पडद्यासाठी आणि यंत्राच्या कायमच्या सूचनांसाठी. झाली ६४० केबीची प्रसिद्ध मर्यादा! इतकी मेमरी कोणालाही पुरेल असं बिल गेट्स म्हणाले होते, ही कथा जगभर फिरते. आपण असं कधी म्हणालो नाही, हे त्यांनी पुढे स्पष्ट केलं. मुद्दा असा की यात कोणाचा मूर्खपणा नव्हता. १६ केबीचं यंत्र विकणाऱ्याला ६४० म्हणजे चाळीस पट मोकळीक वाटली, तर नवल काय?

पण १९८३ मध्ये लोटस १-२-३ हा हिशेबाचा प्रोग्रॅम आला आणि लोक मोठमोठे तक्ते मांडायला लागले. दहा खोल्या भरल्या. तेव्हा १९८५ मध्ये लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनी मिळून एक युक्ती काढली. जादा मेमरी वेगळ्या कार्डावर, म्हणजे वाड्याबाहेरच्या गोदामात ठेवायची. मालकाच्या मोकळ्या खोल्यांपैकी ६४ केबीची जागा खिडकी म्हणून वापरायची. त्या खिडकीत एका वेळी १६ केबीचे चार गठ्ठे बसत. हवे ते गठ्ठे गोदामातून आणायचे, काम झालं की परत ठेवून दुसरे आणायचे. पत्ते तेवढेच राहिले, त्या पत्त्यांमागचा माल बदलत गेला.

दरम्यान प्रोसेसर सुधारत होते. १९८४ च्या पीसी एटीमध्ये २८६ होता, त्याला २४ तारा, म्हणजे १६ एमबीपर्यंत पत्ते. ३८६ ला ३२ तारा, म्हणजे ४ जीबी. मग अडचण कुठे राहिली? अडचण जुन्या प्रोग्रॅम्सची. डॉस आणि त्यावरचे हजारो प्रोग्रॅम्स ८०८८ च्या रीतीने पत्ता सांगत. ते चालावेत म्हणून नवा प्रोसेसर जुन्यासारखाच वागायचा. म्हणजे आमच्या ३८६ ला ४ जीबीचे पत्ते ठाऊक होते, पण गेमशी बोलताना तो १९८१ च्या भाषेत बोलत होता. आमची वाढीव मेमरी वाड्याबाहेर पडून होती आणि त्या गेमला ती मागायची कशी, हेच माहीत नव्हतं.

इथे आम्हाला वैशेषिक आठवतात. प्रशस्तपादांनी सांगितलं आहे की जे जे पदार्थ आहेत, त्यांना अस्तित्व आहे, ते ज्ञेय आहेत आणि अभिधेय आहेत. म्हणजे जे आहे, ते जाणता येतं आणि त्याला नावाने सांगता येतं. आमच्या मेमरीला अस्तित्व होतं, त्याची पावतीही होती! पण त्या गेमपुरती ती अभिधेय नव्हती. म्हणून असून नसल्यासारखी.

मग आमची सुटका कशी झाली? मुलाच्या मित्राने कॉन्फिग.सिस ही फाइल उघडली आणि दोन-तीन ओळी बदलल्या. १९९१ च्या डॉस ५ पासून ती सोय होती. डॉसचा मोठा भाग एक एमबीच्या जरा वर, सतराव्या खोलीत हलवायचा. २८६ पासून पुढच्या यंत्रांत पत्त्याच्या हिशेबातल्या एका फटीमुळे ही सुमारे ६४ केबीची जागा सापडली होती. माउसचा ड्रायव्हर वगैरे किरकोळ सामान मालकाच्या खोल्यांतल्या मोकळ्या कोपऱ्यांत सारायचं. झालं, गेम सुरू! पैसे लागले शून्य. मेमरी वाढवणं आणि मोकळी करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

आता उलट बाजू बघू. ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आलं. खोक्यावर ४ एमबी पुरेल असं लिहिलेलं, पण नीट काम करायला ८ तरी लागायची. अमेरिकेत एका एमबीला तीस डॉलरच्या पुढे-मागे मोजावे लागत. अशा वेळी सॉफ्टरॅम ९५ नावाचा प्रोग्रॅम आला. दावा असा, की मेमरीतला मजकूर दाबून लहान करू आणि तुमची मेमरी दुप्पट करू. लाखो प्रती खपल्या. पडद्यावर काटे हलायचे, आकडा दुप्पट दिसायचा. जर्मनीतल्या सी'टी या नियतकालिकाने आणि अमेरिकेत मार्क रुसिनोविच व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रोग्रॅम उघडून तपासला, तर दाबून लहान करण्याचं काम आत होतच नव्हतं. १९९६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीवर कारवाई केली. म्हणजे इथे नाव होतं, आकडा होता, वस्तू नव्हती. नसून असलेली मेमरी!

गंमत म्हणजे कल्पना खोटी नव्हती. १९९४ मध्ये मॅकसाठी आलेला रॅम डब्लर हे काम खरोखर करत असे. आज मॅक आणि विंडोज दोन्ही न सांगता मेमरी अशी दाबून वापरतात.

आणि वाड्याची गोष्ट संपली असं समजू नका. पुढे ३२ बिटी विंडोज वापरणाऱ्या अनेकांनी ४ जीबी मेमरी बसवली आणि पडद्यावर ३ ते साडेतीनच दिसली. कारण तेच. ३२ तारांचे पत्ते ४ जीबीपर्यंत, आणि त्यातल्या वरच्या खोल्या पुन्हा मालकाच्या, म्हणजे ग्राफिक्स कार्डासारख्या उपकरणांच्या.

आज आपल्या हातातल्या फोनवर मेमरी साफ करून देणारी ॲप्स येतात, आकडा हिरवा करून दाखवतात. पण रिकामी पाटी म्हणजे चांगली पाटी नव्हे. आताच्या प्रणाली मोकळ्या जागेत लवकरच लागेल असा मजकूर मुद्दाम ठेवतात आणि गरज पडली की जागा करून देतात. तो मजकूर पुसला, तर तो पुन्हा आणण्यात वेळच जातो.

तेव्हा कोणी मेमरी वाढवून देतो म्हणालं, की पैसे काढण्याआधी तीन प्रश्न विचारू या. कमी नेमकं काय पडतंय? वाढणारी मेमरी येणार कुठून? आणि ज्याला ती हवी आहे, त्याला तिचा पत्ता सांगता येईल का? आम्ही दुकानात तिसरा प्रश्न विचारला असता, तर त्या महिन्याचा पगार बराच वाचला असता.

आता आपले प्रश्न घेऊ.