पहिला चषक एका शाळेनं नेला

स्मरणिकेसाठी लेख दे, असा ग्रुपवर तिसऱ्यांदा निरोप आला तेव्हा पहाटेचे सहा वाजले होते आणि मी टोरोंटोजवळच्या आइस हॉकीच्या रिंकमध्ये (शीतगृहच म्हणा ना) लेकाच्या स्केट्सच्या नाड्या आवळत बसले होते. शाळेच्या आठवणी माझ्यापेक्षा चांगल्या लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत. मी इथल्या एका चषकाचा इतिहास सांगते. तो वाचताना मला सारखं आपल्या शाळेतलं काचेचं कपाट आठवत होतं. का, ते शेवटी येईलच.

कॅनडात २० वर्षांपर्यंतच्या मुलांच्या आइस हॉकीचं राष्ट्रीय अजिंक्यपद म्हणजे 'मेमोरियल कप', स्मृतिचषक. कुणाची स्मृती? माझ्या लेकाला विचारलं. त्याला दहा वर्षांतले विजेते पाठ, पण हे ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं, म्हणून शोधत गेले.

पहिल्या महायुद्धात, जेमतेम ऐंशी लाख वस्तीच्या या देशातली ६०,०००हून जास्त माणसं मेली. त्यांत हॉकीपटू किती तरी. किंग्स्टन गावचा स्कॉटी डेव्हिडसन १९१४ साली टोरोंटोच्या संघाचा कर्णधार होता. त्या वर्षी त्यांनी स्टॅनली चषक जिंकला. हॉकीत त्याहून मोठं काही नाही. काही महिन्यांत युद्ध पेटलं, हा भरती झाला आणि जून १९१५मध्ये फ्रान्समध्ये मारला गेला. जेमतेम पंचविशीचा. कुमारवयात त्याला किंग्स्टनमध्ये शिकवणारे प्रशिक्षक होते जेम्स सदरलंड. तेही पुढे कॅप्टन म्हणून युद्धावर गेले, पण परत आले. युद्धात गेलेल्या खेळाडूंच्या नावानं चषक ठेवावा, ही कल्पना त्यांची. ऑन्टॅरिओ हॉकी असोसिएशननं तो १९१९ साली दिला.

त्यांनी तो कुमारांसाठी ठेवला, हे मला महत्त्वाचं वाटतं. मोठ्या हौशी खेळाडूंसाठी ॲलन कप आधीच होता, हे व्यावहारिक कारण झालं. पण गेलेली मुलंही चार वर्षांपूर्वी याच वयाची होती. सदरलंड यांच्यासारख्या प्रशिक्षकाला ती त्याच वयाची दिसत असणार.

पहिली अंतिम लढत मार्च १९१९मध्ये टोरोंटोत, म्युच्युअल स्ट्रीटवरच्या अरीना गार्डन्समध्ये झाली. ती इमारत आता नाही. पश्चिमेकडून रेजायनाचा 'पॅट्रिशियाज' संघ दोन हजारांहून जास्त किलोमीटरांवरून आला होता. आणि समोर कोण? युनिव्हर्सिटी ऑफ टोरोंटो स्कूल्स. नाव विद्यापीठाचं, पण ती चक्क शाळा. १९१०मध्ये सुरू झालेली, त्या काळी फक्त मुलांची. (मुलींच्या १८ वर्षांखालच्या क्लब संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेला २००९ साल उजाडावं लागलं. असो.) दोन सामने आणि गोलांची बेरीज, असा नियम होता. शाळेनं पहिला १४-३ आणि दुसरा १५-५ असा जिंकला. एकूण २९-८! पाहुण्यांचा परतीचा प्रवास कसा झाला असेल, याचाच विचार माझ्या मनात आला.

त्या शाळकरी संघाचा गोलरक्षक जो सलिव्हन १९२८च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक विजेत्या संघात होता. पुढे डॉक्टर झाला, सिनेटर झाला. कर्णधार डंक मन्रो १९२४च्या ऑलिंपिक विजेत्या संघात होता, नंतर त्यानं स्टॅनली चषकही जिंकला. त्यांना पुढचं आयुष्य मिळालं. ब्लूर स्ट्रीटवरच्या त्या शाळेवरून मी किती तरी वेळा गेले आहे, आता मात्र क्षणभर थांबते.

तेव्हा फ्लूची साथ होती. थोड्याच दिवसांत सिॲटलमधली स्टॅनली चषकाची मालिका खेळाडू आजारी पडल्यामुळे अर्धवट सोडावी लागली. हा चषक मात्र पार पडला आणि दुसऱ्या महायुद्धातही थांबला नाही. थांबवला तो कोव्हिडनं, २०२० आणि २०२१मध्ये.

मधल्या काळात 'मेमोरियल' हा नुसता शब्द उरला. आमच्या धंद्यात असं नेहमी होतं. जुन्या कोडमध्ये नाव राहतं आणि ते का दिलं हे सांगणारा माणूस कधीच कंपनी सोडून गेलेला असतो. २०१० साली हा चषक देशासाठी प्राण दिलेल्या सर्वच कॅनेडियन सैनिकांना नव्यानं अर्पण करण्यात आला. २०१८ची शंभरावी स्पर्धा मुद्दाम रेजायनात ठेवली. यजमान पुन्हा अंतिम सामन्यात आले आणि पुन्हा हरले, ०-३. त्याआधी सहा-सात आठवडे, त्याच प्रांतात हम्बोल्टच्या कुमार संघाच्या बसला अपघात होऊन १६ जण गेले होते. त्या वर्षी 'मेमोरियल'चा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नसेल.

आता आपलं कपाट. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरची ती खो-खोची फिरती ढाल आठवते? 'कै.' एवढं वाचता यायचं, पुढचं नाव दर पंधरा ऑगस्टला ब्रासोनं घासून घासून गेलेलं. दहावीला आम्ही ती जिंकली, डोक्यावर घेऊन नाचलो, फोटो काढला. हे कोण, असं एकीनंही विचारलं नाही. कुणाचा मुलगा होता की कुणाची मुलगी, हेही मला माहीत नाही.

सर, बाई, आधीच्या बॅचचे दादा-ताई, तुमच्यापैकी कुणाला ते नाव आठवत असेल तर कृपया सांगा. संमेलनाच्या दिवशी जेवणाआधी मी त्या कपाटापाशी वही घेऊन उभी असेन.