समुद्रपूरच्या घरांतील वीजबचत : आधी छप्पर, मग यंत्रे

वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर, हिंगणघाट हा पट्टा कापूस-सोयाबीनचा, काळ्या मातीचा आणि कडक उन्हाचा. मे महिन्यात येथील पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि त्याच महिन्यात विजेचे बिल वर्षातील सर्वाधिक आकड्यावर पोहोचते. वीजबचत म्हटली की सामान्यतः दिवे मालविणे, पंखे बंद करणे एवढेच सुचविले जाते. परंतु या भागातील घरांत विजेचा मोठा वाटा गारव्यासाठी खर्च होतो. त्यामुळे घर तापूच नये, याची व्यवस्था करणे ही बचतीची पहिली पायरी होय. यंत्रे बदलण्याचा विचार त्यानंतरचा.

उष्णता येते कोठून?

समुद्रपूर साधारण २०.६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात माध्यान्हीचा सूर्य येथे थेट डोक्यावर असतो. परिणामी उन्हाळ्यात सर्वाधिक ऊन भिंतींवर नव्हे, तर छपरावर पडते. एकमजली घरात छपराचे क्षेत्र मोठे असल्याने ही बाब अधिकच महत्त्वाची ठरते.

सिमेंटची चार-पाच इंची स्लॅब दिवसभर ऊन शोषून घेते आणि काही तासांनी ती उष्णता खोलीत सोडू लागते. बाहेर हवा निवळत असताना घरातील छत तापलेले राहते, ते यामुळेच. रात्री दहा वाजता पंख्याखाली बसले तरी अंगावर गरम हवा येते. कारण पंखा हवा थंड करीत नाही, छताजवळची तप्त हवाच खाली लोटतो. टिनाच्या छपराचे वागणे वेगळे. ते ऊन पडताच तापते आणि सूर्य मावळताच निवते. स्लॅबचे घर रात्री त्रास देते, टिनाचे घर दुपारी.

जुन्या घरांची रचना

या भागातील जुनी घरे पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींची आणि कवेलूंच्या छपरांची. जाड मातीच्या भिंतीतून उष्णता आत यायला बराच वेळ लागतो. कवेलूंच्या फटींतून वर साचलेली गरम हवा निघून जाते आणि पुढे काढलेल्या वळचणीमुळे भिंतींवर सावली राहते. सेवाग्राम आश्रमातील आदि निवास आणि बापू कुटी ही या रचनेची जिल्ह्यातील सर्वपरिचित उदाहरणे. गांधीजी १९३६ मध्ये तेव्हाच्या सेगावात राहावयास आले, तेव्हा आसपास मिळणारे साहित्य आणि गावातील कारागीर यांच्याच बळावर घर उभे राहावे, असा त्यांचा आग्रह होता. माती, बांबू व कवेलूंच्या या वास्तू आजही उन्हाळ्यात पाहून याव्यात अशा आहेत.

तथापि, कवेलूंचे घर सोडून लोक स्लॅबकडे वळले, त्यालाही सबळ कारणे होती. दरवर्षी कवेलू फेरावे लागतात, वानरांच्या उड्यांनी ते फुटतात आणि मातीच्या भिंतींना पावसाळ्यापूर्वी डागडुजी लागते. म्हणून प्रश्न जुन्या घराकडे परतण्याचा नाही. त्यातील सावली, हवा आणि जाडी ही तीन तत्त्वे आजच्या घरात आणण्याचा आहे.

छपराचे उपाय

सर्वांत स्वस्त उपाय चुन्याचा. काळवंडलेली स्लॅब उन्हाचा बहुतांश भाग शोषते, तर स्वच्छ पांढरा पृष्ठभाग त्यातील बराच भाग परत फेकतो. गच्ची झाडून, धुऊन, भेगा बुजवून घ्याव्यात. रात्रभर भिजवून गाळलेल्या चुन्यात थोडा डिंक मिसळून दोन ते तीन हात द्यावेत. हे काम होळीच्या सुमारास उरकणे योग्य. पावसाने चुना धुपतो आणि धुळीने मळतो, त्यामुळे तो दरवर्षी द्यावा लागतो. छपराचे पाणी साठविणाऱ्यांनी पहिल्या पावसाचे पाणी वाहू द्यावे.

अधिक टिकाऊ उपाय हवा असल्यास पांढऱ्या तुकडा फरशीचा थर किंवा विटांच्या तुकड्यांचा कोबा करता येतो. मात्र या थरांचे वजन बरेच असते. जुन्या स्लॅबवर ते टाकण्यापूर्वी जाणकार अभियंत्याचा सल्ला घेणे आवश्यक आहे. गच्चीवर हिरवी जाळी बांधणाऱ्यांनी ती स्लॅबला टेकवू नये. खालून वारा खेळेल इतकी उंच ठेवावी. टिनाच्या घरात वरून पांढरा रंग आणि आतून बांबूच्या तट्ट्याचे छत, दोहोंमध्ये हवेची पोकळी, हा उपाय परिणामकारक ठरतो. तट्टा चुलीपासून व विजेच्या तारांपासून दूर असावा.

अहमदाबादने २०१० मधील जीवघेण्या उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा तयार केला. पुढे तेथे छपरे पांढरी करण्याच्या उपायालाही स्थान मिळाले. तेलंगणाने २०२३ मध्ये शीत छपरांचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले. स्लॅबच्या घरात रात्री झोपणाऱ्या वृद्धांच्या व तान्ह्या मुलांच्या दृष्टीने हा उपाय केवळ बिलाचा नाही, आरोग्याचाही आहे.

भिंती, खिडक्या आणि झाडे

पश्चिमेची भिंत दुपारी तीननंतर तापते. त्या वेळी सूर्य खाली आलेला असल्याने खिडकीवरचा आडवा छज्जा उपयोगी पडत नाही. तेथे उभी आड लागते : बाहेरून बांबूची चिक, जाळी, वेल किंवा झाड. पडदा आतून लावला तर ऊन काचेतून आत आलेलेच असते. म्हणून आड बाहेरून असावी. दक्षिणेच्या खिडकीला मात्र साधा छज्जा पुरतो. हिवाळ्यात तिरपे आलेले ऊन त्याखालून आत येते आणि ते हवेसेच असते.

पश्चिमेला कडुनिंब लावणे उत्तम. पण काळ्या मातीत ते पायाला चिकटून लावू नये. ही माती ओल मिळताच फुगते, सुकताच आकसते. मुळांनी पायाजवळची ओल शोषली की भिंतींना भेगा पडतात. झाड पूर्ण वाढल्यावर जितके उंच होईल, साधारण तितके अंतर राखणे सुरक्षित.

दिवसा बाहेरची हवा आतल्यापेक्षा तप्त असताना खिडक्या बंद ठेवाव्यात आणि रात्री समोरासमोरच्या उघडाव्यात.

पंखा, कूलर आणि एसी

जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो. बीएलडीसी मोटारीचा पंखा ३० वॅटच्या आसपास चालतो. रोज १५ तासांप्रमाणे महिन्याला पहिला सुमारे ३४ युनिट, तर दुसरा १४ युनिट खर्च करतो. एका पंख्यामागे २० युनिटांची ही बचत आहे. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर ऊर्जा दक्षता ब्युरोची तारांकित पट्टी बंधनकारक आहे. खरेदी करताना ती अवश्य पाहावी.

मे महिन्याच्या कोरड्या हवेत कूलर हे विदर्भाला सर्वाधिक मानवणारे साधन. पाण्याचे बाष्प होताना हवेतील उष्णता शोषली जाते. २०० वॅटचा कूलर पाच तासांत एक युनिट घेतो. दीड टनी एसी चालू स्थितीत साधारण तासाभरात तेवढी वीज घेतो. कूलर खिडकीबाहेर व सावलीत असावा आणि समोरची खिडकी किंवा दार थोडे उघडे असावे. बंद खोलीत ओलावा साचून तो निरुपयोगी होतो. वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या ताट्या दर मोसमात बदलाव्यात. पावसाळी दमट हवेत मात्र कूलरचा फारसा उपयोग नाही; तेव्हा पंखाच पुरे.

एसी असल्यास तो २४ ते २६ अंशांवर ठेवून सोबत पंखा चालवावा. तापमान एक अंशाने वाढविल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो.

६० वॅटच्या जुन्या बल्बऐवजी ९ वॅटचा एलईडी तेवढाच उजेड देतो. फ्रिज भिंतीपासून थोडा दूर ठेवावा. दाराच्या रबरात कागद अडकवून ओढावा; तो सहज सुटला तर रबर बदलावे.

बिलाचे टप्पे

महावितरणची घरगुती आकारणी टप्प्यांनी होते : १०० युनिटांपर्यंत एक दर, १०१ ते ३०० पर्यंत त्याहून बराच चढा, आणि पुढे आणखी अधिक. त्यामुळे वाचलेले युनिट नेहमी सर्वांत महाग टप्प्यातून कमी होते. महिन्याला १३० युनिट वापरणाऱ्या कुटुंबाने दोन पंखे बदलले, तर ४० युनिट वाचून वापर ९० वर येतो आणि महाग टप्पा पूर्ण टळतो. बचतीचा हिशेब करताना सरासरी दर न धरता हा वरचा दर धरावा.

छपरावरची वीज

२०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट वा अधिक क्षमतेला ७८ हजार रुपये अनुदान ठरले. एका किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट मोकळी जागा लागते आणि त्यापासून दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. पॅनेलची सावली स्लॅबवर पडते, हा अधिकचा लाभ. परंतु आधी गरज कमी करावी, मग क्षमता ठरवावी. अन्यथा गळक्या हौदासाठी मोठा नळ घेतल्यासारखे होते.

नवे घर बांधणाऱ्यांसाठी

केंद्र शासनाने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको-निवास संहिता’ आणली. तिच्यात छपरातून उष्णता शिरण्याची मर्यादा प्रति चौरस मीटर, प्रति अंश १.२ वॅट अशी ठेवली होती. साध्या स्लॅबमधून याच्या दुपटीहून अधिक उष्णता आत येते. बांधतानाच छपरावर उष्णतारोधक थर, लांब भिंती उत्तर-दक्षिणेकडे आणि पश्चिमेला न्हाणीघर वा जिना ठेवल्यास पुढील अनेक वर्षांचे बिल कमी होते.

खर्चाचा क्रम असा राहावा : प्रथम चुना व सावली, नंतर दिवे व पंखे, त्यानंतर कूलरची देखभाल आणि शेवटी सौर पॅनेल. यातील पहिली पायरी एका कुटुंबाला दोन दिवसांत, घरच्या मनुष्यबळावर पार पाडता येते. आणि तिचा परिणाम पुढच्याच रात्रीपासून जाणवू लागतो.