दोरी सोडणाऱ्यांची हकिकत

मासळीविषयी बेने इस्राएल माणसाला कोणी शिकवावयास नको. पर आणि खवले पाहूनच मासा घरात घ्यावा, ही खूण आपल्या बायकांनी कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या जपली. डेव्हिड रहाबींनी पुढ्यात मासळी ठेवून आपल्या पूर्वजांची पारख केली, ही कथाही घरोघर ठाऊक आहे. मात्र मासा पाण्यातून वर येतो कसा, हे आपण शेजारच्या कोळ्यांवर सोपवून मोकळे झालो. आज लिहावयाचे आहे ते जाळ्यातल्या माशांविषयी नव्हे. माणसाच्या दुप्पट-चौपट वजनाचा मासा होडीत बसून, हातातल्या काठीने आणि बारीक दोरीने धरण्याची विद्या अमेरिकेत कशी उभी राहिली, ते आम्ही सांगणार आहोत.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोर सांता कॅटलिना नावाचे बेट आहे. तेथील अ‍ॅव्हलॉन गावी हवा खाण्यास येणारे लोक जाड दोर पाण्यात टाकून माशांचे ढीग ओढीत आणि खाणे होईना म्हणून फेकून देत. चार्ल्स फ्रेडरिक होल्डर या निसर्ग-अभ्यासकास ही नासाडी पाहवेना. १८९८ साली त्यांनी काठी व रीळ वापरून १८३ पौंडांचा, म्हणजे सुमारे ८३ किलोचा कुपा (ज्याला आज आपण ट्यूना म्हणतो) पावणेचार तास झुंजून धरला. त्याच साली तेथे ‘ट्यूना क्लब’ निघाला. नियम कडक होता : दोरी ठराविक जाडीपर्यंतचीच, आणि मासा होडीपर्यंत आणावा तो एकट्याने, दुसऱ्याचा हात न लागता.

नियम करणे सोपे, पाळणे बोटांवर बेतणारे! त्या काळच्या रिळाची मूठ थेट चाकाला जोडलेली असे. मासा पळाला की मूठ उलटी गरगर फिरे आणि बोटांची हाडे मोडी. ब्रेक म्हणजे काय, तर फिरत्या दोरीवर अंगठ्याने दाबायचा चामड्याचा तुकडा. दोरी तागासारख्या जवसाच्या धाग्याची. रोज वाळविली नाही तर कुजे.

येथे जॉर्ज फार्न्सवर्थ या होडीवाल्याचे नाव घेतले पाहिजे. कुपे होडीच्या चाहुलीने बिचकू लागले, आमिषाजवळ येईनात. १९०९ च्या सुमारास फार्न्सवर्थने पतंग उडविला. पतंगाच्या दोरास गळाची दोरी बांधावयाची आणि उडता मासा आमिष म्हणून होडीपासून दूर पाण्यावर टपटप उड्या मारीत न्यावयाचा. होडीची सावली नाही, दोरी पाण्यात दिसत नाही, कुपा फसलाच. (दक्षिण समुद्रातील बेटांवर पानांच्या पतंगाने मासे धरण्याची रीत याहून कितीतरी जुनी आहे, हेही नमूद करावे.)

याच फार्न्सवर्थच्या होडीतून १९१३ साली विल्यम बोशेन यांनी ३५५ पौंडांचा तलवार मासा काठीवर धरला. काठी-रिळाने धरलेला हा पहिला तलवार मासा समजतात. बोशेन यांच्याच कल्पनेवरून ब्रुकलिनच्या ज्यूलियस फॉम होफे यांनी नवे रीळ बनविले. मासा पळाला तरी मूठ उलटी फिरत नाही, आतल्या चकत्या घासून दोरी हळूहळू सुटते, आणि चांदणीच्या आकाराच्या चाकाने तो ताण कमी-जास्त करता येतो. आमच्या मते या विद्येतला खरा शोध हाच. मोठा मासा ओढून येत नाही. त्याला दोरी देऊन दमवावा लागतो. म्हणून ब्रेक दोरीच्या ताकदीच्या चौथाई ते तिहाईवरच लावतात. यात एक खोच आहे. दोरी जाऊन रीळ बारीक होत गेले की तोच ब्रेक आपोआप अधिक ओढू लागतो. दोरी संपत चालली पाहून नवखा माणूस घाबरून चाक आवळतो आणि दोरी तटकन तुटते. जाणता अशा वेळी चाक सैल करतो.

तलवार माशावरून आठवले. त्याचे खवले लहानपणीच जातात, म्हणून तो कोशेर की नाही यावर गेल्या शतकात रब्बींमध्ये मोठा वाद झाला. कुप्याचे तसे नाही. पाण्याबाहेर येताना खवले गाळणाऱ्या पण खाण्यास योग्य अशा माशांत तालमूदने ‘अतुनस’ हे नाव दिले आहे, आणि तो कुपाच असे पुष्कळ विद्वान मानतात. असो.

पुढे ही विद्या बहामा बेटांत बिमिनी येथे गेली. तेथे शार्क फार. दमलेला कुपा दोरीवर असतानाच ते त्याचे लचके तोडीत आणि होडीशी नुसते डोके येई. १९३५ साली अर्नेस्ट हेमिंग्वे यांनी तेथून अखंड कुपा आणून दाखविला. युक्ती एवढीच की माशाला क्षणाची उसंत द्यावयाची नाही. काठी सावकाश उचलावी, खाली नेताना रीळ फिरवावे, पुन्हा उचलावी. त्याच दशकात टॉमी गिफर्ड या होडीवाल्याने होडीच्या दोन्ही बाजूंस लांब बांबू लावले. गळाची दोरी बांबूच्या टोकाशी चिमट्यात धरलेली असे. मार्लिन आपल्या लांब चोचीने आमिषाला फटका मारतो, तोच दोरी चिमट्यातून सुटून सैल पडते. आमिष मेल्यासारखे तरंगते आणि मार्लिन वळून ते गिळतो.

१९३९ साली मायकेल लर्नर यांच्या पुढाकाराने न्यूयॉर्कच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली, आणि विक्रमांची नोंद एका वहीत येऊ लागली. १९५३ साली पेरूच्या काबो ब्लांको येथे आल्फ्रेड ग्लासेल यांनी १,५६० पौंडांचा, म्हणजे सुमारे ७०७ किलोचा काळा मार्लिन धरला. वहीत नाव लागते ते काठी धरणाराचे. मासा कुठे आहे हे ओळखणारा, आमिष शिवणारा, माशाच्या मागे होडी उलटी चालविणारा जो नाखवा, त्याचे नाव शोधावे लागते. हा अन्याय आम्हांस खटकतो.

१९५४ पासून फ्रँक मॅथर या शास्त्रज्ञाने धरलेल्या माशांना खुणेची पट्टी लावून सोडून देण्याची मोहीम चालविली. त्यातून कुपे अटलांटिक ओलांडून युरोपपर्यंत जातात हे सिद्ध झाले. पण १९६० नंतर मोठ्या जाळ्यांनी आणि मैलोगणती दोरांनी त्यांचा फडशा पाडला. आता पुष्कळ होडीवाले टोक आत वळलेला गोल गळ वापरतात. तो पोटात न रुतता जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो, म्हणून सोडलेला मासा जगण्याची शक्यता अधिक असते. फक्त या गळाला हिसका द्यावयाचा नसतो. मासा वळेपर्यंत थांबावयाचे आणि मग दोरी आस्ते आस्ते ताणावयाची.