विजेची मोटार मागे का पडली?

विजेवर चालणारी मोटार ही अगदी अलीकडे, आपल्या डोळ्यांदेखत निघालेली वस्तू आहे, असे पुष्कळांना वाटते. तसे वाटणे साहजिकच आहे. पण मंडळी, खरी हकिगत निराळी आहे. १९०० साली अमेरिकेत सगळ्या मिळून ४,१९२ मोटारी तयार झाल्या. त्यांतल्या १,६८१ वाफेवर चालणाऱ्या होत्या, १,५७५ विजेवर चालणाऱ्या होत्या, आणि पेट्रोलच्या किती असतील म्हणता? अवघ्या ९३६! म्हणजे शर्यत सुरू झाली तेव्हा पेट्रोल तिसऱ्या नंबरावर होते. पुढच्या पंचवीस वर्षांत मात्र वाफेची आणि विजेची मोटार रस्त्यावरून जवळजवळ नाहीशी झाली आणि पेट्रोलचे राज्य सुरू झाले.

हे कसे झाले? विजेची गाडी वाईट होती आणि पेट्रोलची चांगली होती, म्हणून झाले, असे उत्तर कोणी देईल. ते अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे उत्तर गाडीत सापडत नाही. ते रस्त्यात, गावात आणि गावापर्यंत न पोचलेल्या तारेत सापडते. आज पुन्हा घरोघर तोच वाद चालू आहे, वीज बरी की पेट्रोल बरे. तेव्हा तो जुना निकाल कसा लागला, हे समजून घेणे फायद्याचे आहे.

आधी त्या काळच्या तीन गाड्या डोळ्यांपुढे आणा. वाफेच्या गाडीत बंब पेटवायचा, पाणी तापायची वाट पाहायची आणि वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरायचे. पेट्रोलच्या गाडीला पुढून हँडल मारावे लागे. इंजीनने उलटा झटका दिला, तर हँडल मारणाऱ्याचे मनगट मोडायचे. शिवाय धूर, वास, खडखड आणि गिअर बदलण्याची यातायात होतीच. विजेच्या गाडीत यातले काही नाही. बसायचे, दांडी पुढे ढकलायची, की गाडी मुकाट्याने चालू लागे. वेगातही ती मागे नव्हती. २९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळ कामीय जनात्झी या बेल्जियन गृहस्थाने विजेची मोटार तासाला १०५ किलोमीटरच्या वर पळवली. रस्त्यावरच्या कोणत्याही मोटारीने तोपर्यंत तासाला शंभराचा आकडा गाठला नव्हता. तो पहिल्याने गाठला विजेने.

न्यूयॉर्क शहरात तर १८९७ पासून विजेच्या भाड्याच्या बग्ग्या धावत होत्या. त्यांच्या बॅटऱ्या फार जड होत्या आणि चार्ज व्हायला फार वेळ घेत. मग त्या लोकांनी युक्ती काढली. बग्गी ठाण्यावर आली की रिकामी बॅटरी यंत्राने बाहेर ओढायची, भरलेली आत सरकवायची, आणि बग्गी काही मिनिटांत पुन्हा रस्त्यावर. टपालाच्या टांग्याचे घोडे बदलावेत तसेच हे. आज बॅटरी बदलून देणाऱ्या केंद्रांची बातमी आपण नवलाने वाचतो. ती कल्पना सव्वाशे वर्षांपूर्वीची आहे.

मग घोडे अडले कुठे? पहिली अडचण वजनाची. शिक्षक मंडळींनी हा हिशेब वर्गात फळ्यावर मांडून दाखवावा. आपल्या घरच्या मीटरवर जे एक युनिट पडते, तेवढी वीज साठवायला शिसे आणि गंधकाचे आम्ल असलेली जुन्या पद्धतीची बॅटरी सुमारे ३० किलो वजनाची लागते. एक किलो पेट्रोलमध्ये मात्र सुमारे १२ युनिट शक्ती असते. आता, इंजीन त्यातली बरीचशी शक्ती उष्णतेत वाया घालवते. पाचात चार भाग गेले असे धरा. तरी कामाची सव्वादोन-अडीच युनिटे हाती राहतात. म्हणजे एक किलो पेट्रोल जे काम करी, त्यासाठी सुमारे सत्तर किलो बॅटरी वागवावी लागे. बैलाने आपला स्वतःचाच कडबा गाडीत भरून ओढत न्यावा, आणि त्या ओझ्यानेच दमावे, तशी ही गत.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. पेट्रोल बाटलीत घालून नेता येते. १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत कार्ल बेंझ यांच्या पत्नी बर्था बेंझ या आपल्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याने बनवलेल्या मोटारीतून मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी गेल्या. अंतर शंभर किलोमीटरच्या वर. वाटेत इंधन संपले. पेट्रोलपंप नावाची वस्तू तेव्हा जगात नव्हती. बाईंनी काय केले? वीस्लोख गावातल्या औषधाच्या दुकानातून डाग काढण्यासाठी मिळणारे पातळ तेल विकत घेतले, टाकीत ओतले आणि पुढे निघाल्या. विजेच्या गाडीत त्या असत्या तर? ज्या गावात वीज नाही, तिथे औषधवाला काय देणार?

इथेच, मंडळी, खरी मेख आहे. विजेची मोटार ही शहरात जन्मली आणि शहरातच राहिली. शहरात तारा होत्या, गुळगुळीत रस्ते होते, जाण्यायेण्याची अंतरे लहान होती. पण अमेरिका म्हणजे काही नुसती न्यूयॉर्क-शिकागो नव्हे. १९०४ साली तिथे खेड्यापाड्यांतल्या रस्त्यांची मोजदाद झाली. साडेएकवीस लाख मैल रस्ते भरले. त्यांपैकी खडी-मुरूम घातलेले शंभरात जेमतेम सात. बाकी सगळी माती, पावसात चिखल आणि उन्हाळ्यात चाकोऱ्या. अशा रस्त्यावर जड बॅटरीची नाजूक गाडी रुतायचीच.

शेतकऱ्याला मोटार प्रथम मुळीच आवडत नव्हती. शहरातले हौशी लोक धुरळा उडवत येत, घोडे बिचकत, कोंबड्या चिरडत. म्हणून पुष्कळ ठिकाणी शेतकरी या गाड्यांना सैतानाची गाडी म्हणत. मग १९०८ च्या ऑक्टोबरमध्ये हेन्री फोर्ड यांनी आपली ‘मॉडेल टी’ बाजारात आणली. फोर्ड स्वतः शेतकऱ्याचा मुलगा. त्यांनी गाडीचे पोट जमिनीपासून उंच ठेवले, की चाकोरीत अडकू नये. रचना साधी ठेवली, की घरच्या घरी पाना घेऊन दुरुस्त करता यावी. शेतकऱ्यांनी तर पुढे मजल मारली. मागचे चाक उचलून धरायचे, त्यावर पट्टा चढवायचा, आणि त्याच मोटारीवर लाकूड कापायची करवत नाहीतर पाण्याचा पंप चालवायचा. गाडी नुसती फिरायची राहिली नाही, ती शेताची चाकर झाली.

पेट्रोलही स्वस्त झाले. त्याआधी तेलाचे कारखाने चालत ते मुख्यतः दिव्याच्या रॉकेलसाठी. पेट्रोल हा त्यातून निघणारा, फारसा खप नसलेला माल. १० जानेवारी १९०१ रोजी टेक्सासमध्ये स्पिंडलटॉप या टेकडीवर तेलाचा प्रचंड फवारा उडाला आणि तेलाला तोटा राहिला नाही. गाडीची किंमतही उतरत गेली. मॉडेल टी सुरुवातीला ८५० डॉलरला मिळे. १९१३ मध्ये फोर्ड यांच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर गाड्या जोडू लागले, आणि १९२५ च्या सुमारास तिची किंमत ३०० डॉलरच्याही खाली आली. उलट १९१२ साली विजेच्या चांगल्या मोटारीला १,७५० डॉलर मोजावे लागत.

तरी पेट्रोलच्या गाडीत एक मोठी खोट उरली होती. ती म्हणजे ते हँडल. ते काढून टाकले कोणी, ऐकाल तर गंमत वाटेल. ते काढले विजेने! चार्ल्स केटरिंग या इंजिनिअराने यापूर्वी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची छोटी मोटर बसवली होती. त्याच्या ध्यानात आले, की इंजीन चालू करायला दिवसभर राबणारी मोटर नको, क्षणभर जोर लावणारी पुरे. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत हा स्टार्टर आला. विजेच्या मोटारीचा सर्वांत मोठा गुण, म्हणजे बसल्या जागी सुरू होणे, तो पेट्रोलच्या मोटारीने उसना घेतला. तोवर विजेच्या गाडीवर ‘बायकांची गाडी’ असा शिक्काही बसला होता. खुद्द फोर्ड यांच्या पत्नी क्लारा फोर्ड १९१४ सालची डेट्रॉइट इलेक्ट्रिक वापरत असत! पण असा शिक्का बसला की पुरुष गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढत नाही. एडिसन यांनी लोखंड आणि निकेल वापरून नवी बॅटरी करण्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली. त्यांचा पहिला माल गळका निघाला, तो त्यांना १९०४ साली मागे घ्यावा लागला. सुधारलेली, टिकाऊ बॅटरी आली ती १९१० च्या सुमारास. तेव्हा फार उशीर झाला होता.

आता एक आकडा सांगतो, तो लक्षात ठेवा. १९२० च्या शेतीच्या गणनेत अमेरिकेतल्या शंभर शेतांपैकी तीसांवर मोटार होती, पण विजेचे किंवा गॅसचे दिवे फक्त सातांच्या घरी होते. खेड्यांत वीज नेण्याचे सरकारी काम तिथे सुरू झाले ते १९३५ मध्ये. म्हणजे ज्या वर्षांत शेतकरी मोटार घेत होता, त्या वर्षांत त्याच्या दारी तार नव्हती. मग त्याने विजेची गाडी घेऊन करायचे काय? शर्यतीचा निकाल शहरातल्या श्रीमंतांनी दिला नाही, तो खेड्याने दिला. आणि खेड्याने आपल्या परिस्थितीत अगदी शहाणपणाचाच निकाल दिला.

पण म्हणून वीज सगळीकडे हरली, असे मात्र समजू नका. जिथे परिस्थिती तिच्या सोयीची होती, तिथे ती टिकली. मुंबईत ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम सुरू झाली आणि ३१ मार्च १९६४ पर्यंत धावली. तिला बॅटरी नव्हती, वीज वरच्या तारेतून मिळे, म्हणून वजनाची अडचणच नव्हती. अमेरिकेत हार्टफर्ड गावच्या वीज कंपनीने मालमोटारी बॅटरीविना विकायला मदत केली. बॅटरी कंपनीची, आणि पैसे द्यायचे ते मैलामागे. ही व्यवस्था १९२४ पर्यंत चालली. इंग्लंडमध्ये घरोघर दूध घालणाऱ्या गाड्या विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत विजेवर फिरत होत्या. ठराविक वाट, दर दाराशी थांबा, रात्री गाडी ठाण्यात. या कामाला विजेसारखी दुसरी सोय नाही.

आता आपल्याकडे वळू. १९९१ मध्ये लिथियमची बॅटरी बाजारात आली आणि पुढे तिने हिशेब पालटला. एका युनिटाला ३० किलोऐवजी पाच-सात किलो वजन पुरू लागले. २८ एप्रिल २०१८ रोजी देशातल्या प्रत्येक खेड्यात वीज पोचल्याचे सरकारने जाहीर केले. गावात वीज आली म्हणजे ती प्रत्येक घरात चोवीस तास आली असे नव्हे, हे तुम्हांला मी सांगायला नको. पण १९२० च्या त्या शेतकऱ्यापेक्षा आपण खूप पुढे आहो. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या रस्त्यावर आपली पहिली एस.टी. धावली. १ जून २०२२ रोजी त्याच रस्त्यावर एस.टी.ची पहिली विजेची ‘शिवाई’ बस धावली.

तेव्हा वीज बरी की पेट्रोल बरे, असे कोणी विचारले, तर एकदम उत्तर देऊ नका. उलट त्यालाच चार प्रश्न विचारा. रोज किती किलोमीटर जायचे? रात्री गाडी उभी राहते तिथे वीज किती तास असते? वाटेत बिघडली तर दुरुस्त करणारा कोण, आणि किती कोसांवर? आणि बॅटरी थकल्यावर नवी घ्यायला किती पैसे लागतील? शाळेच्या पोरांना पाच किलोमीटरवर ने-आण करायची असेल, तर उत्तर एक येईल. भाजीचा टेम्पो रातोरात दूरच्या बाजारपेठेत न्यायचा असेल, तर ते निराळे येईल. शिक्षकांनी हे चार प्रश्न मुलांकडून आपल्याच गावातल्या दहा गाड्यांना लावून पाहावेत. जाहिरातीपेक्षा त्या कागदावर जास्त खरे उत्तर सापडेल, आणि त्याच गाड्यांचे उत्तर दहा वर्षांनी पुन्हा तपासून पाहावे लागेल, हेही मुलांना सांगावे.