चित्राची दुसरी बाजू

टोपी बाजारातील आमच्या जुन्या घराची आवराआवर करताना आजोबांच्या लाकडी पेटीत सिगारेटच्या पाकिटातून मिळणारे एक छोटे चित्र सापडले. पुढच्या बाजूस चेंडू हाती घेतलेला गोरा गोलंदाज. मागच्या बाजूस त्याचे नाव आणि कामगिरी. त्या चार ओळींमुळेच हा कोण, हे मला कळले.

अमेरिकेत अशी चित्रे बेसबॉलपटूंची निघत. १९११ साली तेथील एका तंबाखू कंपनीने सोनेरी कडेची माला काढली. तीत ख्रिस्टी मॅथ्यूसन हा न्यूयॉर्कचा विख्यात चेंडूफेक करणारा खेळाडू होता, आणि खेळाडूंचा परिचय चित्रांच्या पाठीवर छापलेला होता. योगायोग असा, की त्याच वर्षी पाळवणकर बाळू हा आपला मराठी गोलंदाज इंग्लंडची मैदाने गाजवीत होता.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाड येथे, चर्मकार कुटुंबात झाला. पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात दरमहा ४ रुपयांवर ते खेळपट्टीची निगा राखीत आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकीत. त्यांच्या डावऱ्या फिरकीची कीर्ती पसरल्यावर पुण्याच्या हिंदू संघापुढे पेच पडला : या हाताची गोलंदाजी हवी होती, पण या हाताचा स्पर्श नको होता. अखेर त्यांना संघात घेतले. मैदानावर सर्वांनी एकच चेंडू हाताळला. चहा मात्र बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. जेवणाचे पानही वेगळे असे.

१९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरविले, त्यात बाळूंचा वाटा मोठा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालील संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी मात्र ११४ बळी मिळविले. एवढे करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना लाभले. १९३७ च्या निवडणुकीत बाळू मुंबईत काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले. १९५५ साली त्यांचे निधन झाले.

१९११ च्या संघाचे छायाचित्र पाहिले, तर सारे एका पंक्तीचे वाटतात. मातीचे भांडे छायाचित्रात येत नाही. ते कोणीतरी मागच्या बाजूस लिहावे लागते.

आपण ग्वाल्हेरची मराठी घराणी कुलवृत्तांत निष्ठेने जपतो. पण आपल्या भिंतींवरील जुनी समूहचित्रे एकदा उतरवून पाहावीत. खुर्च्यांवर बसलेल्यांची नावे अचूक असतात. कडेला उभ्या असलेल्यांच्या खाली बहुधा 'नोकर मंडळी' एवढेच असते. आमच्या घरच्या चित्रातही तसेच होते. थोरल्या आत्यांना विचारले, तेव्हा त्यांना चौघांपैकी एकाचेच नाव आठवले. ते मी मागे शाईने लिहून ठेवले. उरलेल्या तिघांसाठी विचारावे, असे घरात आता कोणी नाही.

ज्यांच्या घरी असे कोणी वडीलधारे अजून आहे, त्यांनी हे काम दिवाळीपर्यंत लांबवू नये.