पांढरी पुन्हा वसते तेव्हा : सुपे परगण्यावरून एक विचार

गावे उद्ध्वस्त झाल्याच्या तारखा इतिहासात सापडतात. ती पुन्हा नांदती झाल्याच्या तारखा सहसा सापडत नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात धरणीकंप झाला, हे निश्चितपणे सांगता येते. परंतु तेथील जनजीवन ‘पूर्ववत’ केव्हा झाले, या प्रश्नास असे उत्तर देता येत नाही. याचे कारण केवळ साधनांची उणीव हे नव्हे. ‘पूर्ववत’ हा शब्दच येथे तपासून पाहावयास हवा. त्यासाठी दीर्घ कालावधीचे उदाहरण घेणे इष्ट होय. तसे उदाहरण सुपे परगण्यात मिळते. तेथील आपत्ती भूकंपाची नव्हती, दुष्काळाची व परचक्राची होती. तथापि मोडलेली वस्ती पुन्हा उभी राहण्याची प्रक्रिया दोन्हीकडे ताडून पाहण्याजोगी आहे.

येथे अभिप्रेत असलेले सुपे म्हणजे आजच्या बारामती तालुक्यातील सुपे. पारनेर तालुक्यातील त्याच नावाचे गाव नव्हे. प्रदेश पर्जन्यछायेचा. पुणे व सुपे हे परगणे भोसले घराण्याच्या जहागिरीत होते. इ. स. १६३० ते १६३२ या काळात दख्खन व गुजरात येथे जो भीषण दुष्काळ पडला, त्याचे वर्णन शाहजहानच्या दरबारी लिहिल्या गेलेल्या ‘पादशाहनाम्या’त आले आहे. याच दुष्काळात देहूस तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून मृत्यू पावली. त्याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळले व तेथे गाढवाचा नांगर फिरविला, असे परंपरा सांगते. इ. स. १६३६ च्या मोगल-आदिलशाही तहानंतर या मुलखास काही स्थैर्य लाभले आणि जहागिरीचा कारभार पाहणाऱ्या दादाजी कोंडदेवांनी वसाहतीचे काम हाती घेतले. इ. स. १६४७ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. म्हणजे या कामास फार तर एक तप मिळाले.

हे काम कोणत्या क्रमाने झाले, हे त्या काळच्या महसुली शब्दांतून उलगडते. ‘परागंदा’ हा मूळचा फारसी शब्द; त्याचा अर्थ विखुरलेला. विखुरलेल्या रयतेस प्रथम दिला जाई तो ‘कौल’. हा अरबी शब्द असून त्याचा मूळ अर्थ ‘बोललेले वचन’ एवढाच. घर, बैल, बियाणे यांच्याही आधी वचन येते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्यानंतर ‘तगाई’, म्हणजे बैल-बियाण्यासाठी सरकारी कर्ज. त्यासोबत ‘इस्तावा’, म्हणजे पहिल्या वर्षी नाममात्र आणि पुढे वर्षागणिक चढत जाणारा सारा. मलिकंबरी धाऱ्याची पूर्ण आकारणी एकदम न करता काही वर्षांनी तेथवर पोहोचावयाचे, असे हे धोरण होते. ओसाड रानांत लांडगे माजले होते, त्यांना मारणारांस बक्षिसे दिल्याचे बखरीत आले आहे. पुण्यात सोन्याचा नांगर फिरविल्याची आख्यायिकाही याच मालिकेत बसते. तीस काटेकोर ऐतिहासिक पुरावा मागण्यापेक्षा, शापित ठरविलेल्या भूमीविषयी सर्वांसमक्ष केलेले ते प्रतिवचन होते, असे समजणे अधिक युक्त होईल.

या शब्दांत सर्वांत बोलका शब्द ‘गतकूळ’ हा होय. ज्या जमिनीचे कूळ निघून गेले अथवा नष्ट झाले, ती गतकूळ जमीन. ती ‘उपऱ्या’स कसावयास दिली जाई, परंतु परागंदा झालेला मिरासदार पुष्कळ वर्षांनी परतला, तरी त्याचा हक्क मानण्याची रूढी दख्खनमध्ये होती. ‘मिरास’ म्हणजे वारसा. गेलेल्याची जागा गावाने भाषेत राखून ठेवली होती. ‘पांढरी’ म्हणजे वस्तीची जमीन व ‘काळी’ म्हणजे पिकाची. या दोहोंमध्ये कोणाचे स्थान कोठे, हे ठरलेले असणे यालाच गाव वसणे म्हणत. मात्र हे स्थान सर्वांचे सारखे नव्हते. वतनदार, मिरासदार, उपरी, बलुतेदार आणि वेशीबाहेर ठेवलेली माणसे, ही उतरंडही वस्तीबरोबर पुन्हा उभी राहिली. ‘पूर्ववत’ या शब्दात हेही सामावलेले असते.

वचनावर उभी राहिलेली घडी वचनाचा कागद बदलला की डळमळते. याच सुप्यात १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला. दख्खनच्या दंग्यांत त्यांचा मुख्य रोख कर्जाच्या खतांवर होता. ती हस्तगत करून जाळण्यात आली. कौलाच्या कागदाने ज्या मुलखात रयत परत आणली होती, तेथेच खताच्या कागदाने तिच्या पायांखालची जमीन काढून घेतली जात होती. इ. स. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा या दंग्यांच्या चौकशीतून पुढे आला.

या पार्श्वभूमीवर किल्लारीकडे वळावे. भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने मोठा पुनर्वसन कार्यक्रम राबविण्यात आला आणि ५२ गावे नव्या जागी नेण्यात आली. जड माळवदे व दगडमातीच्या रुंद भिंती कोसळून माणसे दगावली होती. तेव्हा भक्कम घरांचा आग्रह रास्तच होता. घरे जमीनधारणेनुसार २५०, ४०० व ७५० चौरस फूट अशी तीन प्रकारांची ठरविण्यात आली. येथेही काळीतील हिस्स्यावरून पांढरीतील स्थान ठरले, ही गोष्ट विशेष लक्षणीय आहे. बहुतेक नवी गावे मात्र सरळ, रुंद रस्त्यांच्या चौकटीत आखली गेली. जुन्या गल्ल्या व भावकीचा शेजार त्यांत विरला. पुढे रहिवाशांनी घरांपुढे पत्र्याचे आडोसे घातले, कुंपणे बांधली, अंगणे राखली. नियोजनाच्या दृष्टीने ही अव्यवस्था. सुप्याच्या इतिहासाच्या दृष्टीने पाहता ही पांढरी वसू लागल्याची खूण होय.

तात्पर्य, आपत्तीनंतरचे जीवन पूर्वस्थितीस परत जात नसते. नव्या वचनावर ते पुन्हा मांडले जाते. म्हणून पुनर्वसनाच्या अभ्यासकाने बांधलेल्या घरांची मोजदाद अवश्य करावी. परंतु वचन कोणी दिले, कोणास दिले आणि गेलेल्यांची जागा कोणत्या शब्दाने राखली, हेही पाहावे. किल्लारीच्या नव्या गावांत आज कोणते शब्द रूढ झाले आहेत, जुन्या गावठाणास लोक काय म्हणतात, नव्या वस्तीच्या भागांना कोणती नावे पडली आहेत, यांची पद्धतशीर नोंद होणे अगत्याचे आहे. ज्यांनी दोन्ही गावे पाहिली, त्यांची पिढी आहे तोवरच ती होऊ शकेल.