फाइल पोहोचते, नोंद हरवते

फाइल केव्हा तयार झाली, तिच्यात शेवटचा बदल केव्हा झाला, ती कोणाच्या मालकीची आणि कोणाला उघडता येईल, हा तपशील म्हणजे तिचा मेटाडेटा. तो बहुतांशी फाइलच्या आत नसतो. डिस्कवरील फाइल सिस्टीम तो सांभाळते. म्हणूनच डिस्क बदलली की मजकूर जसाच्या तसा पोहोचतो, नोंद मात्र पोहोचेलच असे नाही.

विंडोजची एनटीएफएस पद्धत वेळ सेकंदाच्या एक कोटीव्या भागापर्यंत नोंदवते. अनेक पेन ड्राइव्हवर असणारी फॅट३२ पद्धत बदलाची वेळ २ सेकंदांच्या टप्प्याने लिहिते. मालकी व परवानग्यांना तेथे जागाच नाही. विंडोजमध्ये साधी कॉपी केल्यास बदलाची तारीख टिकते, पण निर्मितीची तारीख कॉपीच्या क्षणाची पडते. दोन डिस्कमधील ‘मूव्ह’ म्हणजे आधी कॉपी, मग मूळ फाइल नष्ट. हरवलेल्या परवानग्या मग परत मिळत नाहीत.

उपाय सोपे आहेत. दोन एनटीएफएस डिस्कसाठी विंडोजमधील रोबोकॉपी ही आज्ञा ‘कॉपीऑल’ पर्यायासह वापरावी. लिनक्समध्ये ‘सीपी’ला ‘ए’ हा पर्याय जोडावा. पेन ड्राइव्हवरून न्यायचे असल्यास लिनक्समधील फाइली आधी ‘टार’ गठ्ठ्यात बांधाव्यात. डिजिटल कॅमेऱ्याच्या छायाचित्रात टिपल्याची तारीख सहसा आतच असते. साध्या मजकूर-फाइलला तो आधार नाही. तेव्हा प्रत तपासल्याखेरीज मूळ फाइल पुसू नये.